मुलगी म्युनिकला शिकतेय, आता २९६२ मीटरच्या डोंगरावर निघालीय. काय विचारू तिला?

टॉवेलवाला | २ सप्टेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी इथं वाचतो जास्त, लिहितो कमी. आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आम्ही सोलापूरचे, जुळे सोलापुरात राहतो. सगळा जन्म टॉवेल आणि चादरींच्या धंद्यात गेला. थोरली लेक गेल्या ऑक्टोबरपासून म्युनिकला मास्टर्स करतेय. काल फोनवर म्हणाली, "बाबा, १३-१४ ला आम्ही पाच जण त्सुगश्पित्से चढणार आहोत." मी म्हटलं, ही काय नवीन परीक्षा? तर तो जर्मनीतला सगळ्यात उंच डोंगर निघाला. २९६२ मीटर.

आता आपलं गाव साडेचारशे मीटरवर, आणि तेसुद्धा पोळपाटासारखं सपाट. लेकीनं आयुष्यात चढलेली सगळ्यात मोठी चढण म्हणजे तुळजापूरचा घाट, तोही एसटीत बसून. म्युनिकला जाईपर्यंत बर्फ पाहिला तो फ्रीजमधला. गटात दोन जर्मन, एक स्पॅनिश, एक केरळची मुलगी आणि आमची.

ती परवानगी मागत नाहीये, सांगतेय, हे मला कळतं. नको म्हटलं तर न सांगता जाईल, हेही कळतं. हिनं मात्र कालपासून जेवण सोडल्यागत केलंय. तर जाणकारांनी सांगा: हे जमण्यासारखं आहे का? आणि मी तिला नेमकं काय विचारू, म्हणजे मला खरं काय ते कळेल?

---

हुतात्मा_एक्सप्रेस | २ सप्टेंबर, रात्री १०:३१

पहिला! सोलापूरकरांना डोंगर म्हणजे हिप्परग्याच्या तलावाचा बांध. काका, जाऊ द्या की पोरीला.

---

रोखठोक_आप्पा | २ सप्टेंबर, रात्री १०:५८

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शिकायला पाठवलंय की फिरायला? जर्मनीत व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी बँकेतल्या गोठवलेल्या खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) दाखवावे लागतात. बहुतेक जण त्यासाठी कर्ज काढतात. बापानं इथं हप्ते भरायचे आणि लेकरांनी तिथं शिखरावर फोटो काढायचे. काही झालं तर विमानाचं तिकीट काढून तुम्हीच पळणार.

---

नीज_येईना | २ सप्टेंबर, रात्री ११:०४

आप्पा आले. पॉपकॉर्न घेऊन बसते.

---

सह्यवेडा | ३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

काका, घाबरू नका. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं केलेल्या माणसाला आल्प्स म्हणजे बागेतला फेरफटका. तिकडे वाटेवर खुणा असतात, पाट्या असतात, वर गरम सूप मिळतं. आमच्याकडे कळसूबाई १६४६ मीटर आणि वाटेत फक्त लिंबूसरबत. फिटनेस असेल तर निवांत होईल.

---

इझारकाठी | ३ सप्टेंबर, सकाळी ११:४०

टॉवेलवाला काका, मी गेली नऊ वर्षं म्युनिकमध्ये आहे (इझार ही इथली नदी). हा डोंगर दोनदा चढलेय आणि एकदा अर्ध्यातून परत आलेय. तुम्ही विचारलंय तसंच उत्तर देते.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: कुठल्या वाटेनं? डोंगर एकच, पण वाटेवाटेत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक वाट होलेनटालची. नावातच नरक आहे. कड्याला ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या, तारा, त्याच्या वर छोटी हिमनदी. हेल्मेट, कमरेचा पट्टा, तारेला अडकवायच्या दोऱ्या, बुटांना लावायचे काटे, हे सगळं लागतं आणि वापरता यावं लागतं. ती या वाटेचं नाव घेत असेल तर काका, तुम्ही सरळ नाही म्हणा. मीसुद्धा म्हणेन.

दुसरी राइनटालची. सगळ्यात लांब आणि सगळ्यात सोपी. पायथ्याच्या गार्मिश गावाहून निघून पार्टनाख नदीच्या घळीतून आत शिरायचं. एकूण वीस-एकवीस किलोमीटर आणि सव्वादोन हजार मीटर चढ. शहाणी माणसं दोन दिवसांत करतात. पहिल्या रात्री राइनटालआंगर नावाच्या झोपडीत (झोपडी म्हणायचं फक्त, दगडी इमारत असते) १३६९ मीटरवर मुक्काम. दुसऱ्या दिवशी क्नोर झोपडी, २०५२ मीटर. मग वरचं उघडं पठार, आणि शेवटचे दीडेक तास सुट्ट्या खडीवरून आणि तारा धरून.

गंमत म्हणजे शिखरावर पोचलं की तिथं आधीच गर्दी असते. खालच्या आयबझे तलावावरून रोपवे दहा मिनिटांत वर येतो. लोक सँडल घालून बिअर पीत बसलेले असतात. १९३० पासून दातेरी रुळांची रेल्वेही आहे, ती पठारापर्यंत जाते. म्हणजे उतरायचे कष्ट वाचतात.

@सह्यवेडा, नळीची वाट मीही केलीये आणि ती अवघडच आहे, वाद नाही. पण सह्याद्रीत माणूस उन्हानं आणि पाण्यावाचून अडचणीत येतो. इथं थंडीनं. सप्टेंबरात खाली वीस डिग्री असताना वर ताजा बर्फ पडलेला असू शकतो, आणि बर्फ पडला की दगडावरच्या रंगाच्या खुणा पहिल्यांदा झाकल्या जातात. बागेतला फेरफटका म्हणू नका हो.

---

टॉवेलवाला | ३ सप्टेंबर, दुपारी ४:०२

इझारकाठी ताई, लई उपकार. आत्ता विचारलं. राइनटालच म्हणाली. झोपडीतल्या जागा जुलैतच बुक केल्यात म्हणे. म्हणजे जुलैपासून ठरलंय आणि मला सप्टेंबरात कळतंय!

---

नीज_येईना | ३ सप्टेंबर, दुपारी ४:१०

काका, बारा दिवस आधी कळलं, नशीब समजा. मी माझ्या आईला स्कायडायव्हिंगचं तीन वर्षांनी सांगितलं.

---

फुजीचा_बळी | ३ सप्टेंबर, रात्री ९:३३

माझा अनुभव लिहितो. मी मूळचा अक्कलकोट रोडचा. जपानात शिकत असताना प्रयोगशाळेतल्या मित्रांबरोबर फुजीला गेलो. ३७७६ मीटर. बस तुम्हाला २३०० मीटरवर सोडते, तिथून रात्रभर चालायचं आणि शिखरावर सूर्योदय बघायचा असा बेत. झोपडीत झोपायचे पैसे वाचवायचे, हा आमचा हुशारपणा.

साडेतीन हजारच्या आसपास डोकं असं ठणकायला लागलं की कुणी आतून हातोडी मारतंय. मग उलट्या. सूर्योदय मी पाहिला, पण खाली मान घालून. हातात लाकडी काठी होती, तिच्यावर प्रत्येक झोपडीत पैसे देऊन लोखंडानं शिक्का डागून घेतात. ती काठी घरी सोलापूरला आणली, आईनं गच्चीवर वानरं हाकलायला ठेवलीय.

जपानी लोक असल्या चढाईला 'बंदुकीच्या गोळीसारखी चढाई' म्हणतात आणि करू नका म्हणून सांगतात. २०२४ पासून मुख्य वाटेवर फाटकच बसवलंय. झोपडीचं बुकिंग नसेल तर दुपारनंतर सोडत नाहीत. २०२५ पासून ४००० येन प्रवेश शुल्कही आहे. आमच्या वेळी असतं तर माझं डोकं वाचलं असतं.

तर काका, तुमची लेक दोन दिवसांत आणि मुक्काम करून जातेय, हे ऐकून मला तिचा अभिमान वाटला.

---

डॉ_शेवंता | ३ सप्टेंबर, रात्री १०:१५

फुजीच्या बळीला जे झालं तो उंचीचा त्रास. साधारण अडीच हजार मीटरच्या वर, भराभर चढल्यावर होतो. या मुलीची झोप १३६९ मीटरवर आहे आणि वर ती काही तासच असणार. थोडं डोकं दुखेल फार तर. औषधं वगैरेच्या मागे लागू नका. दुखणं वाढत गेलं, उलट्या झाल्या, चालताना झोक जायला लागला, तर उपाय एकच, खाली उतरणं.

मला दुसरी काळजी आहे. परदेशात एकट्या राहणाऱ्या, शाकाहारी, ब्रेड-कॉफीवर दिवस काढणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन. ते कमी असेल तर डोंगरावर आधी दम लागेल आणि मग पाय लटपटतील. अपघात बहुतेक उतरताना, दमलेल्या पायांनी होतात. तुम्ही विचारायचे प्रश्न गोळा करताय ना? हा घाला त्यात.

---

रोखठोक_आप्पा | ३ सप्टेंबर, रात्री १०:४०

म्हणजे धोका आहे हे सगळे कबूल करताय. मी तेच म्हणत होतो.

---

इझारकाठी | ४ सप्टेंबर, दुपारी १२:०५

आप्पा, धोका आहे. म्हणून तर काका विचारतायत. पैशाचं म्हणाल तर म्युनिक ते गार्मिश साधी गाडी, सव्वा-दीड तास, आणि महिन्याच्या पासात बसते. पास बहुतेक विद्यार्थ्यांकडे असतो. झोपडीत रात्र काढणं शहरातल्या एका सिनेमा-जेवणापेक्षा फार महाग नाही. पोरं इथं शनिवार-रविवारी पबमध्ये बसण्यापेक्षा डोंगरात जातात, कारण ते स्वस्त पडतं.

काका, अजून एक विचारा: जर्मन अल्पाइन क्लबची सदस्य आहे का? ही १८६९ सालची संस्था. झोपड्या बहुतेक तिच्याच. सदस्य असलं की मुक्काम स्वस्त आणि बचावकार्याचा विमा मिळतो, २५,००० युरोपर्यंत. लागलं-खुपलं तर आरोग्य विमा असतो, पण 'लागलेलं काही नाही, नुसतेच अडकलोय, हेलिकॉप्टर पाठवा' याचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

---

कडकभाकरी | ४ सप्टेंबर, दुपारी २:२०

मुख्य प्रश्न कुणीच विचारला नाही. खायला काय नेणार?

ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी! महिनाभर टिकते, वजन नाही, पोट भरतं. मालदांडीची असेल तर विचारूच नका. आमच्याकडचे लोक वारीला जाताना हेच बांधून नेतात.

---

हुतात्मा_एक्सप्रेस | ४ सप्टेंबर, दुपारी २:२६

पाठपिशवीत घातलेल्या कडक भाकरीचं काय होतं माहीत आहे का बे? मी एकदा पुण्याला नेली. उघडली तर रांगोळी.

---

कडकभाकरी | ४ सप्टेंबर, दुपारी २:३१

चुरा झाला तर दही घालून काला करायचा. सोलापूरचा आहेस की नाहीस?

---

डॉ_शेवंता | ४ सप्टेंबर, दुपारी ३:००

आल्प्समध्ये दही कुठून आणणार? कल्पना मात्र वाईट नाही. शेंगदाणे, मीठ, तिखट, ज्वारी. घाम गाळणाऱ्याला हेच लागतं.

---

फुजीचा_बळी | ४ सप्टेंबर, दुपारी ३:४४

अवांतर: भारतातून पाठवणार असाल तर चटणी-भाकरी ठीक, पण तूप, पेढे घालू नका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

(यापुढचे अठरा प्रतिसाद शेंगाचटणीत लसूण किती यावर आहेत. ते संपादकांनी पाककृती विभागात हलवलेत, योग्यच केलं.)

---

सह्यवेडा | ५ सप्टेंबर, सकाळी ८:१०

इझारकाठी, मान्य. 'बागेतला फेरफटका' मागे घेतो. थंडीचा मुद्दा डोक्यात नव्हता.

काका, कपड्यांचं सांगतो. सुती कपडे अजिबात नकोत. सुताला घाम लागला की ते ओलं राहतं आणि वारा सुटला की अंगातली ऊब शोषून घेतं. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं, त्यावर उबदार, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं. मोजेसुद्धा सुती नकोत.

---

टॉवेलवाला | ५ सप्टेंबर, सकाळी ९:५०

माझ्या तोंडावर सांगताय, सुती नको! चाळीस वर्षं सूत विकलं हो.

एक मात्र ऐका. झोपडीत पांघरुणं मिळतात, पण आत शिरायला स्वतःची पातळ पिशवी न्यावीच लागते म्हणे, चादर शिवून केलेली. तिनं बाजारात किंमत बघितली आणि इथून जाताना हिनं बॅगेत घातलेलं आपलं सोलापुरी बेडशीट मधोमध दुमडून दोन बाजूंनी शिवून टाकलं. हातानं. फोटो पाठवलाय. टाके वाकडे आहेत, पण सूत आपलं आहे.

बाकी हिशेब: हिमोग्लोबिन मे महिन्यात ११.८ होतं. अल्पाइन क्लबची सदस्य आहे. बूट एका सीनियर मुलीचे वापरलेले घेतलेत, महिनाभर ते घालूनच कॉलेजला जातेय. हॉस्टेलच्या नऊ मजल्यांचे जिने पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन रोज चारदा चढतेय. हे सगळं मी विचारल्यावर सांगितलं. आधी विचारलंच नव्हतं, नुसतं "कशाला?" म्हणत होतो.

---

नीज_येईना | ५ सप्टेंबर, सकाळी ९:५८

सोलापुरी चादर आल्प्सवर! वाचनखूण साठवली.

---

इझारकाठी | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

तयारी बघून बरं वाटलं. आता शेवटचा प्रश्न सांगते, तो मला कुणी विचारला नव्हता.

२०१८ चा जून. मी आणि दोन मित्र, हा डोंगर नाही, याहून बराच लहान. ऊन छान. वाटेत सावलीतल्या एका घळीत मागच्या हिवाळ्याचा बर्फ शिल्लक होता. आठ-दहा पावलांचा पट्टा. पलीकडे वाट दिसत होती. वरून मऊ दिसत होता म्हणून पाय टाकला, आतून काच. वीसेक मीटर घसरत गेले आणि खालच्या दगडांत अडकले. मनगट मोडलं आणि हनुवटीला पाच टाके पडले. जिथं अडकले त्याच्या खाली काय होतं ते मी नंतर वर येऊन बघितलं, आणि मग बसून राहिले.

पाय टाकायच्या आधी आम्ही तिघंही थांबलो होतो. तिघांनाही नको वाटत होतं. कुणी बोललं नाही, कारण इतकं चालून आलो होतो आणि आधी तोंड उघडेल तो भित्रा ठरेल असं वाटत होतं. घरी सायकलवरून पडले म्हणून सांगितलंय. आई हे वाचत नाही (अशी आशा).

तर काका, तिला विचारा: परत फिरायचं कुणी ठरवणार आणि किती वाजता? पाचांपैकी एकानं जरी नको म्हटलं तरी पाचही मागे फिरणार, हे निघायच्या आधी बोललेत का? बाकी सगळं पैशानं मिळतं. हे घरूनच ठरवून न्यावं लागतं.

---

डेन्व्हरकर | ५ सप्टेंबर, रात्री ११:५२

वरील प्रतिसादाला दहा वेळा अनुमोदन. आमच्याकडे कोलोरॅडोत चौदा हजार फुटांची शिखरं आहेत. तिथं पोरं पहाटे तीनला चालायला लागतात आणि दुपारी बाराच्या आत शिखरावरून खाली असा नियमच करून घेतात, कारण उन्हाळ्यात दुपारी विजा पडतात. बारा म्हणजे बारा. शिखर पाच मिनिटांवर असलं तरी. लाँग्ज पीकवरून मी दोनदा असाच परतलोय, अजून झालेला नाही.

---

रोखठोक_आप्पा | ६ सप्टेंबर, सकाळी ७:०५

इझारकाठी, तुमचं वाचलं. मनगट आता बरं आहे ना?

---

टॉवेलवाला | १२ सप्टेंबर, रात्री ९:१५

उद्या निघतायत. विचारलं ताई. आधी हसली, मग म्हणाली थांब, आम्ही हे बोललोच नाही. दुसऱ्या दिवशी पाचही जण कॉफी प्यायला बसले आणि ठरलं: एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार. रविवारी दुपारी एकपर्यंत वरच्या पठाराच्या रेल्वे स्टेशनावर पोचलो नाही तर शिखर सोडायचं.

मला एक कागद पाठवलाय. वाट, झोपडीचा फोन, पाचही जणांची नावं, जॅकेटांचे रंग. दरीत रेंज नाही, तेव्हा रविवारी तिथल्या रात्री आठपर्यंत, म्हणजे आपल्या साडेअकरापर्यंत, फोनची वाट बघायची आणि त्याआधी गोंधळ घालायचा नाही. साडेअकरानंतर झोपडीला फोन. झोपडीत वहीत लिहून जायची पद्धत आहे म्हणे, कुठून आलो, कुठं चाललो. ११२ नंबर तिथंही चालतो आणि आपल्याकडेही, हे मला नवीनच कळलं.

हिनं कागदाची झेरॉक्स काढून देवापुढं ठेवलीय.

---

टॉवेलवाला | १४ सप्टेंबर, रात्री ८:४०

काल दुपारी घळीच्या तोंडाशी काढलेला फोटो आला. त्यानंतर काहीच नाही. रेंज नाही हे ठाऊक आहे. तरी लिहितोय.

---

इझारकाठी | १४ सप्टेंबर, रात्री ८:५२

काका, इथं आत्ता संध्याकाळचे सव्वापाच आहेत. म्युनिकमध्ये पाऊस आहे, डोंगर ढगात आहे. साडेअकरा ठरलेत ना? मग साडेअकरा. मी जागी आहे, झोपडीला फोन करायची वेळ आली तर जर्मनमध्ये मी करेन.

---

हुतात्मा_एक्सप्रेस | १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

काका, मी पण जागाच आहे. सात रस्त्यावर आहे, काही लागलं तर दहा मिनिटांत येतो. खरंच.

---

रोखठोक_आप्पा | १४ सप्टेंबर, रात्री १०:४५

काही कळलं?

---

टॉवेलवाला | १४ सप्टेंबर, रात्री ११:१४

आला! फोन आला! गार्मिश स्टेशनावर आहेत. पाचही जण. सविस्तर उद्या. आता आधी हिला जेवायला घालतो.

---

टॉवेलवाला | १५ सप्टेंबर, दुपारी १:३०

सविस्तर.

शिखर झालं नाही. शनिवारी सगळं उत्तम. रात्री झोपडीत मसुराचं सूप, आपल्या चादरीच्या पिशवीत झोप. रविवारी सकाळी निघाले तेव्हा पाऊस बारीक होता. क्नोर झोपडीला पोचेपर्यंत पावसाचा बर्फ झाला. तिथं चहा घेऊन थोडं वर गेले, तर पठारावर सगळं पांढरं, वर धुकं, आणि दगडावरची पुढची खूण दिसेना. जर्मन पोरांपैकी एक म्हणाला, मी वाट ओळखतो. आमची लेक म्हणाली, मला खूण दिसत नाही, मी येत नाही.

मी विचारलं, तुला भीती वाटली का? म्हणाली, बाबा, भीती बोलायची वाटत होती, बर्फाची कमी.

मग पाचही परत. क्नोरपासून गार्मिश म्हणजे सतरा-अठरा किलोमीटर, सगळं पावसात. शेवटी त्या घळीतून बाहेर पडेपर्यंत अंधार पडत आला होता. दोन्ही टाचांना फोड आलेत.

---

सह्यवेडा | १५ सप्टेंबर, दुपारी २:०५

शाबास! पण एक शंका. क्नोरपासून पठारावरचं रेल्वे स्टेशन पाचशे मीटर चढावर होतं ना? एवढं वर गेले असते तर गाडीत बसून आरामात खाली. उलट सतरा किलोमीटर पावसात चालणं जास्त धोक्याचं नव्हतं का?

---

इझारकाठी | १५ सप्टेंबर, दुपारी २:४०

अगदी योग्य शंका, आणि हाच त्या डोंगराचा सापळा आहे. वर रेल्वे आहे म्हणूनच लोक नको त्या हवेत पुढे जातात. "आता थोडंच राहिलं, वर गेलं की गाडी." खूण दिसत नसताना त्या पठारावर वाट चुकलं तर उघड्यावर, वाऱ्यात. मागची वाट लांब होती, पण आदल्या दिवशी चाललेली, खाली जाणारी, आणि वाटेत तीन झोपड्या. ओलं होणं आणि हरवणं यात मी ओलं होणं निवडेन.

तरीही हवा थोडी बरी असती तर तुम्ही म्हणता तेच बरोबर ठरलं असतं. इथं बसून छातीठोक सांगता येत नाही.

---

रोखठोक_आप्पा | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ५:२०

टॉवेलवाला, लेक शहाणी आहे. एवढं बोलून मी थांबतो. (कर्जाचं मत कायम.)

---

कडकभाकरी | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ५:२५

भाकरी नेली होती का???

---

टॉवेलवाला | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:०२

इथून पाठवायला वेळच नव्हता. पण जाताना नेलेली शेंगाचटणी उरली होती, ती ब्रेडला लावून पाचही जणांनी क्नोरच्या पायरीवर खाल्ली. स्पॅनिश पोरानं पुडी चाटून पुसून ठेवली. पुढच्या जुलैत परत जाणार आहेत, तेव्हासाठी दोन किलोची ऑर्डर आली आहे.

---

टॉवेलवाला | ३ ऑक्टोबर, रात्री ९:४८

धागा वर काढतोय, माफ करा.

मी दर कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जातो. पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर. बावीस वर्षं झाली. येत्या सोमवारी निघायचंय. काल लेकीला सहज फोनवर सांगितलं तर तिनं उलटतपासणीच सुरू केली. कुणाबरोबर जाणार? टॉर्च आहे का? रस्त्याच्या कडेनं ट्रक जातात, अंगावर चमकणारी पट्टी आहे का? गुडघा दुखायला लागला तर कुठून परत फिरणार, ते आत्ता सांगा. निघाल्यावर मेसेज, घाटाखाली पोचल्यावर मेसेज, आणि सकाळी अमुक वाजेपर्यंत नाही आला तर ती कुणाला फोन करणार, त्याचा नंबर द्या.

बावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. गुडघा तीन वर्षांपासून दुखतोय, हेही तिला आता कळलंय.

तर जाणकारांना विचारतो: डांबरी रस्त्यावर इतकं चालायला पायात काय घालावं? मी आजवर चपलेवरच गेलोय. ती बूट घ्या म्हणते.

---

सह्यवेडा | ३ ऑक्टोबर, रात्री १०:०१

काका, तीन दिवसांवर आलंय, नवे कोरे बूट घालून निघू नका, फोड येतील. घरात जुने वापरलेले असतील तर तेच. आणि मोजे...

---

टॉवेलवाला | ३ ऑक्टोबर, रात्री १०:०३

सुती नकोत. माहीत आहे.